नव्या लायब्ररीच्या टेस्ट सामायिक बिल्डमध्ये कशा जोडाव्यात

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मला एका सहकाऱ्याचा फोन आला. "काय बे, तुझ्या ४१ टेस्टा हिरव्या आहेत म्हणून आम्ही निवांत होतो. चालतायत कुठं त्या?" मी हसलो. मग लॉग उघडला आणि हसू मावळलं. तीन आठवडे सामायिक बिल्ड, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र बांधून तपासण्याचं काम, हिरवा होता, कारण बाकीच्या लायब्रऱ्यांच्या ६१२ टेस्ट पास होत होत्या. माझी त्यात एकही नव्हती.

आमचं काम सोलापुरातल्या यंत्रमागांशी जोडलेलं आहे. टॉवेल-चादरीचं डिझाइन चित्राच्या फाइलमधून वाचायचं आणि जॅकार्डला (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला) कळेल असं करून द्यायचं: कोणत्या पिकला (बाण्याच्या ओळीला) ताण्याचे धागे उचलणारा कोणता हूक वर, कोणता खाली. मी लिहिलेली लायब्ररी एवढंच करते. पण ती ज्या मोठ्या प्रकल्पात गेली तिथे आणखी डझनभर लायब्रऱ्या नांदतात, आणि सगळ्यांची बांधणी सीमेक या साधनाने, फोल्डरांच्या एकाच झाडातून होते. तिथे टेस्ट जोडताना मी ज्या खड्ड्यांत पडलो ते पुढे सांगतो. तुमची लायब्ररी विणकामाची नसली तरी खड्डे हेच असतील.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि व्हेरिएबलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत, जशीच्या तशी टाइप करायची.

हाताशी काय हवं

- सामायिक प्रकल्पाची ताजी प्रत. सहा महिन्यांपूर्वी क्लोन केलेली नको.
- सीमेक ३.२१ किंवा पुढचं. त्याआधीच्या आवृत्तीवरही काम होतं, पण खाली सांगितलेल्या दोन सोयी मिळत नाहीत.
- बिल्ड मशीनवर जो कंपायलर आहे तोच, त्याच आवृत्तीचा. तुमच्या लॅपटॉपवरचा नव्हे.
- बिल्ड मशीनवर वापरलेले फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेले पर्याय. हे मागून घ्या, अंदाज बांधू नका.
- मूळ प्रकल्पाची सीमेकलिस्ट्स फाइल (सीमेकसाठीच्या आज्ञा जिथे असतात ती) बदलायची परवानगी, किंवा ती ज्याच्याकडे आहे त्याचा अर्धा तास.
- एक वही. यात आकडे लिहायचे आहेत.

१. आधी एकटीला चालवा आणि आकडा लिहून ठेवा

लायब्ररी नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा. नेहमीच्या कामाच्या फोल्डरमध्ये नको, तिथे तुमच्या नकळत ठेवलेल्या दहा फाइल असतात. बांधा, सीटेस्ट (सीमेकसोबत येणारा, टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवा, आणि शेवटी येणारा एकूण टेस्टचा आकडा वहीत लिहा. माझा ४१ होता.

त्यानंतर सामायिक प्रकल्पही तुमच्या लायब्ररीशिवाय बांधा आणि त्याचाही आकडा लिहा. ६१२. म्हणजे काम झाल्यावर ६५३ दिसायला हवेत. ६५२ सुद्धा नाही. मी हा आकडा लिहिला असता तर गड्ड्यात निवांत फिरलो असतो.

२. नावं बदला

सीमेकमध्ये टार्गेटचं (बांधायच्या लायब्ररीचं किंवा प्रोग्रॅमचं) एक नाव साऱ्या झाडात एकदाच वापरता येतं. तुमच्या फोल्डरमधलं 'युनिट_टेस्ट्स' आणि शेजारच्या फोल्डरमधलं 'युनिट_टेस्ट्स' ही दोन वेगळी माणसं आहेत हे त्याला कळत नाही. तो थेट चूक दाखवून थांबतो. हे बरंच म्हणायचं, निदान ओरडतो तरी. 'टेस्ट' हे नाव तर सीमेकने स्वतःसाठीच राखून ठेवलंय.

प्रत्येक टार्गेटला आणि प्रत्येक टेस्टच्या नावाला लायब्ररीचं नाव पुढे लावा. आमच्याकडे सगळं 'जॅकवाचक_' ने सुरू होतं. लांबलचक वाटतं, पण सहाशे ओळींच्या लॉगमध्ये लाल ओळ दिसली की कोणाला फोन करायचा ते लगेच कळतं.

याच वेळी वॉर्निंगचंही बघा. सामायिक बिल्डमध्ये बहुधा प्रत्येक वॉर्निंगला चूक मानायचा फ्लॅग लावलेला असतो. टेस्टचा कोड आपण सगळेच हलगर्जीपणे लिहितो, त्यामुळे लायब्ररी बांधली जाते आणि टेस्ट अडकतात. फ्लॅग सैल करून मागू नका. वॉर्निंग दुरुस्त करा.

३. रस्ते तपासा

हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग.

लायब्ररी एकटी असताना 'सीमेक_सोर्स_डिर' म्हणजे तुमचं घर. ती दुसऱ्या प्रकल्पात शिरली की तेच व्हेरिएबल त्या मोठ्या प्रकल्पाचं मूळ फोल्डर दाखवतं. तुमच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी अर्थ बदलला. माझ्या टेस्ट 'नमुने' फोल्डरमधली चित्रं उघडायच्या, आणि ते फोल्डर अचानक जिथे कधी नव्हतंच तिथे शोधलं जाऊ लागलं. उपाय सोपा आहे: 'सीमेक_करंट_सोर्स_डिर' किंवा 'प्रोजेक्ट_सोर्स_डिर' वापरा. पहिलं म्हणजे आत्ता वाचली जात असलेली फाइल जिथे आहे ते फोल्डर. दुसरं म्हणजे सगळ्यात जवळच्या 'प्रोजेक्ट' आज्ञेचं फोल्डर.

दुसरा गुंता टेस्ट चालते कुठून याचा. तुम्ही टर्मिनलमध्ये लायब्ररीच्या फोल्डरमध्ये उभे राहून टेस्ट चालवता, म्हणून 'नमुने/फूल.बीएमपी' सापडतं. सीटेस्ट मात्र ती त्या-त्या उपफोल्डरच्या बिल्ड फोल्डरमधून चालवतो, जिथे चित्र-बित्र काही नसतं. 'वर्किंग_डिरेक्टरी' सांगून हे सुटतं. मला मात्र नमुन्यांच्या फोल्डरचा पूर्ण रस्ता कंपाइल करताना व्याख्या म्हणून देणं जास्त आवडतं. मग टेस्ट कुठूनही चालवा, फाइल सापडते.

आणि फाइल सापडली नाही तर टेस्ट फेल झालीच पाहिजे. माझ्या एका टेस्टमध्ये फाइल न उघडल्यास गुपचूप परत फिरायची ओळ होती. चित्र नाही, तक्रार नाही, पास. ही ओळ मीच लिहिली होती, दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

लिनक्सवर 'फूल' आणि मोठ्या अक्षराने सुरू होणारं 'फूल' या दोन वेगळ्या फाइल असतात हेही इथेच आठवा. विंडोजवर लिहिलेल्या टेस्ट लिनक्सच्या बिल्ड मशीनवर पहिल्याच दिवशी यावर अडखळतात.

४. नोंदणी: ओळ कुठे टाकता त्यावर सगळं आहे

आता माझ्या तीन आठवड्यांची गोष्ट.

सामायिक प्रकल्पाच्या मूळ सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये कुठेतरी 'इन्क्लूड सीटेस्ट' किंवा 'एनेबल_टेस्टिंग' अशी ओळ असते. त्या ओळीपासून टेस्टची नोंद सुरू होते. 'ॲड_सबडिरेक्टरी' ने तुमचं फोल्डर आत घेतलं जातं त्या क्षणी वरच्या फाइलची जी अवस्था असेल, तीच तुमच्या फोल्डरला मिळते. मी माझी ओळ फाइलच्या अगदी वर टाकली होती, 'इन्क्लूड सीटेस्ट' च्याही वर. अक्षरांच्या क्रमाने लावली तर नीट दिसेल म्हणून! परिणाम असा की माझं फोल्डर वाचलं गेलं तेव्हा टेस्टिंग सुरूच झालेलं नव्हतं. टेस्टची नोंद करणारी 'ॲड_टेस्ट' ही आज्ञा अशा वेळी तक्रार करत नाही. ती नुसती काही करत नाही.

यात आणखी एक पेच. माझ्या फाइलमध्ये 'बिल्ड_टेस्टिंग' चालू असेल तरच टेस्ट बांधा अशी अट होती. हे व्हेरिएबल 'इन्क्लूड सीटेस्ट' जन्माला घालतं, चालू स्थितीत, आणि ते कॅशेमध्ये, म्हणजे सीमेक आधीच्या किमती जपून ठेवतो त्या फाइलमध्ये, राहतं. त्यामुळे पहिल्यांदा कॉन्फिगर केलं (सीमेकला या फाइली वाचायला लावल्या) तेव्हा माझ्या टेस्ट बांधल्याच गेल्या नाहीत. दुसऱ्यांदा केलं तेव्हा कॅशेत किंमत होती, म्हणून बांधल्या गेल्या. लॅपटॉपवर मी दिवसातून दहादा कॉन्फिगर करतो, मला टेस्टची एक्झिक्युटेबल फाइल डोळ्यांसमोर दिसत होती. ती दिसते म्हणजे चालतेच, असं मी धरून चाललो. बिल्ड मशीन दर वेळी कोऱ्या फोल्डरमधून सुरुवात करतं, तिथे ती फाइलच नव्हती.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी 'प्रोजेक्ट', मग 'इन्क्लूड सीटेस्ट', त्यानंतर सगळ्या 'ॲड_सबडिरेक्टरी'.

सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तर तो तसा संदेश छापतो, पण एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा) शून्य देतो, म्हणजे बिल्ड हिरवाच. '--नो-टेस्ट्स=एरर' हा पर्याय बिल्डच्या आज्ञेत कायमचा घाला. माझ्या प्रसंगात त्याचाही उपयोग झाला नसता, कारण इतरांच्या ६१२ टेस्ट होत्याच. म्हणून ती वही.

५. स्वतःचा स्विच ठेवा

उद्या तुमची लायब्ररी दुसरंच कोणीतरी वापरेल आणि त्याला तुमच्या टेस्टमध्ये रस नसेल. 'बिल्ड_टेस्टिंग' हा सगळ्यांचा मिळून एक स्विच आहे, तो बंद केला तर त्याच्या स्वतःच्याही टेस्ट बंद पडतात. म्हणून 'जॅकवाचक_बिल्ड_टेस्ट्स' असा आपला वेगळा पर्याय द्या. त्याची मूळ किंमत 'प्रोजेक्ट_इज_टॉप_लेव्हल' वरून ठरवा: लायब्ररी एकटी असेल तर चालू, पाहुणी असेल तर बंद. हे व्हेरिएबल ३.२१ पासून मिळतं. सामायिक प्रकल्पात मग तो पर्याय हाताने चालू करावा लागतो. तो चालू करायला विसरणं हा पुढचा खड्डा.

६. गूगलटेस्ट दोनदा आणू नका

तुमच्या लायब्ररीने गूगलटेस्ट (टेस्ट लिहायची तयार लायब्ररी) सोबत आणलेलं असेल आणि सामायिक प्रकल्पातही ते असेल, तर दोन्हींचं 'जीटेस्ट' टार्गेट एकमेकांवर आदळतं. दोघंही 'फेचकंटेंट' (बाहेरचा कोड आणून देणारी सीमेकची सोय) वापरत असतील तर ज्याने आधी जाहीर केलं त्याची आवृत्ती चालते, दुसऱ्याचं म्हणणं शांतपणे सोडून दिलं जातं. पाहुण्याने घरातलं वापरावं: टार्गेट आधीच असेल तर आपलं आणू नका, एवढी अट लिहा.

'जीटेस्ट_डिस्कव्हर_टेस्ट्स' वापरलंत तर प्रत्येक टेस्टची सीटेस्टमध्ये वेगळी नोंद होते. नुसतं 'ॲड_टेस्ट' केलंत तर आख्खी एक्झिक्युटेबल एकच टेस्ट म्हणून मोजली जाते आणि वहीतला आकडा जुळत नाही. पहिलंच वापरा. ते टेस्टची यादी मिळवायला बांधणीच्या शेवटी एक्झिक्युटेबल एकदा चालवून बघतं आणि पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर बांधणीच फेल करतं. लायब्ररी सुरू होताना मोठी फाइल वगैरे वाचत असेल तर 'डिस्कव्हरी_टाइमआउट' वाढवा. बांधलेली फाइल बांधणाऱ्या मशीनवर चालणारच नसेल, म्हणजे दुसऱ्याच प्रोसेसरसाठी बांधली असेल, तर 'डिस्कव्हरी_मोड' ला 'प्री_टेस्ट' द्या. यादी मग प्रत्यक्ष टेस्ट चालवताना काढली जाते.

७. मुद्दाम तोडून बघा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये मी जॉबरला (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) नवा माग लावताना पाहिलं होतं. माग सुरू झाला, कापड नीट उतरू लागलं. मालक खूश. जॉबरने काय केलं, तर चालत्या मागावर बाण्याचा धागा स्वतःच्या हाताने तोडला. माग खटकन थांबला. मग म्हणाला, "आता घ्या की ओ ताब्यात."

तेच करा. लायब्ररीत जाऊन एक चूक घाला. मी हूकचा क्रमांक एकने सरकवतो. पुश करा आणि सामायिक बिल्ड लाल होण्याची वाट बघा. झाला नाही, तर तुमची जोडणी अपुरी आहे. ही चूक मुख्य शाखेवर नाही, आपल्या शाखेवर घाला, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

मी हे केलं तेव्हा दोन गोष्टी बाहेर पडल्या.

पहिली 'असर्ट' ची. माझ्या जुन्या टेस्ट गूगलटेस्टमध्ये नव्हत्या, साध्या 'असर्ट' वर (अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणाऱ्या ओळीवर) चालायच्या. माझ्याकडे डीबग बिल्ड, तिथे सगळं ठीक. सामायिक बिल्ड 'रेलविथडेबइन्फो' प्रकाराचा. नावात डीबग असल्यामुळे फसायला होतं, पण रिलीजसारखाच यातही सीमेक 'एनडीबग' हा फ्लॅग लावतो, आणि तो लागला की 'असर्ट' च्या ओळी कंपाइलच होत नाहीत. म्हणजे टेस्ट धावते, काहीही तपासत नाही आणि पास होते. 'असर्ट' टेस्टमधून हद्दपार करा.

दुसरी एक्झिट कोडची. एक टेस्ट अपेक्षित आणि प्रत्यक्ष डिझाइनमधले फरक मोजून तो आकडाच 'मेन' मधून परत करायची. शून्य फरक म्हणजे पास, हे बरोबरच. पण लिनक्सवर एक्झिट कोडचे शेवटचे आठ बिटच पुढे जातात. २५६ फरक असले तर कोड शून्य. ५१२ असले तरी शून्य. मी एक आख्खी ओळ डावीकडची उजवीकडे अशी उलटवली आणि नेमके २५६ फरक पडले, टेस्ट पास! फरक असेल तर १, नसेल तर ०, एवढंच परत करा.

तोडताना थोडी कल्पकता दाखवा. चित्राच्या बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ओळ चार बाइटच्या पटीत पूर्ण केली जाते. एका बिटाच्या चित्रात ४८० हूक म्हणजे ६० बाइट, चारच्या पटीत बसतात, भर घालावी लागत नाही. ४०० हूक म्हणजे ५० बाइट, आणि फाइलमध्ये ओळ ५२ ची. मी वाचनाच्या कोडमधून ही भर मोजायची ओळच काढून टाकली, तरी एकही टेस्ट पडली नाही, कारण माझे सगळे नमुने ४८० चे होते. हे जोडणीचं काम नव्हे, टेस्टचंच आहे. पण तोडून बघितलं म्हणूनच कळलं. आता ४०० चा एक नमुना आहे आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे.

८. एकदम चालवा

बिल्ड मशीन टेस्ट एकामागून एक चालवत नाही, '-जे ८' वगैरे देऊन एकदम आठ सोडतं. तुमच्या दोन टेस्ट 'आउट.बीएमपी' नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर कधी पास, कधी फेल. प्रत्येक टेस्टला स्वतःची तात्पुरती फाइल द्या. खरोखरच एखादी गोष्ट वाटून घ्यायची असेल, समजा एखादा पोर्ट, तर 'रिसोर्स_लॉक' लावा, म्हणजे त्या टेस्ट एकाच वेळी चालत नाहीत.

टेस्ट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात हेही लक्षात असू द्या. पहिल्या टेस्टने भरून ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल दुसरीला मिळेल, ही आशा इथे संपते.

वेळेच्या बाबतीत: 'इन्क्लूड सीटेस्ट' केल्यावर प्रत्येक टेस्टची मूळ मर्यादा १५०० सेकंद असते, म्हणजे २५ मिनिटं. एखादी टेस्ट अडकली तर सगळा संघ २५ मिनिटं बसून राहतो. प्रत्येक टेस्टला 'टाइमआउट' द्या, पण कंजूषपणा करू नका. आमचं बिल्ड मशीन ऑफिसातच आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, त्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालतं पण एसी नाही. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. '२०० मिलिसेकंदांत डिझाइन वाचून व्हायला हवं' अशी माझी एक टेस्ट होती. ती दुपारी दोन ते पाच फेल व्हायची आणि संध्याकाळी पास. दोन दिवस मी कोडमध्ये बग शोधत होतो. वेग मोजायचाच असेल तर वेगळ्या जागी मोजा, सामायिक बिल्डमध्ये नको.

९. लेबल

लवकर होणाऱ्यांना 'झटपट', मोठ्या डिझाइनवाल्यांना 'सावकाश' असं काहीतरी लेबल लावा. म्हणजे '-एल' देऊन हवा तेवढाच गट चालवता येतो. तुमच्या संघात आधीची लेबलं असतील तर तीच वापरा, नवी काढू नका.

१०. मर्ज

कोऱ्या फोल्डरमध्ये सगळं पुन्हा बांधा. '--आउटपुट-ऑन-फेल्युअर' देऊन सीटेस्ट चालवा आणि शेवटचा आकडा वहीशी ताडून बघा. निकाल दुसऱ्या साधनाला द्यायचा असेल तर '--आउटपुट-जेयुनिट' आहे, तोही ३.२१ पासून.

मर्ज रिक्वेस्टमध्ये (आपली शाखा मुख्य शाखेत मिसळायच्या विनंतीत) चार गोष्टी लिहा: आधीचा आकडा, नंतरचा आकडा, मुद्दाम तोडलेल्या बिल्डचा लाल निकाल कुठे बघायला मिळेल, आणि टेस्ट पडली तर कोणाला विचारायचं. तपासणारा माणूस बाकी काही वाचत नाही, एवढं वाचतो.

मर्ज झाल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा, कारण ज्यांची मशीन तुम्ही कधी पाहिली नाहीत त्यांच्याकडे काहीतरी पडतंच. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचं असेल, तर आदल्या रात्री मर्जचं बटण दाबू नका. मी एकदा दाबलं होतं, आणि दौंडपर्यंत फोनवर एकेकाला कॅशे पुसायला सांगत बसलो होतो.